पाणी मुरते कुठे?

महाबळेश्वरला जाणाऱ्या मंडळींचे दोन वर्ग पडतात. एक वाईत उतरणारांचा आणि दुसरा वाईवरून जाणारांचा. आम्ही पहिल्यापासून दुसऱ्या वर्गातले. वाई आली, की आमची सौ. खिडकीतूनच ढोल्या गणपतीच्या दिशेने हात जोडते, मुले "पाचगणी किती राहिली?" म्हणून विचारतात, आणि पाच-दहा मिनिटांत पसरणीचा घाट सुरू होतो. गणपती आळीत सौ.ची एक आत्या राहते. "परतताना नक्की उतरू हं!" असे तिला दर खेपेला फोनवरून सांगितले जाते, आणि परतताना मुलांना नेमकी झोप लागलेली असते.

२०१९ सालच्या दिवाळीत मात्र आम्ही वाईत उतरलो आणि चांगले दोन दिवस राहिलो. याचे श्रेय आमच्या भक्तीला नाही, की आत्याबाईंवरील प्रेमालाही नाही. ते आमच्या गाडीच्या रेडिएटरला आहे.

गाडी म्हणजे १९८६ सालची पद्मिनी. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, नोकरीत असताना घेतलेली. नाव पद्मिनी असले तरी आमच्या गल्लीत तिला अजून 'फियाट'च म्हणतात. त्या वर्षी गणपतीपासून घरात एकच विषय चालू होता: ही मोडीत काढावी आणि छोटीशी नवी गाडी घ्यावी. सौ.चे म्हणणे असे, की या गाडीत बसल्यावर साडी चुरगळते आणि जीव मुठीत राहतो. मी गाडीची बाजू घेई. "अगं, तेहतीस वर्षांची झाली, पण थेंबभर पाणीसुद्धा मागत नाही! कधीही झाकण उघडून बघ, रेडिएटर काठोकाठ भरलेला." हे मी चारचौघांतही मोठ्या अभिमानाने सांगत असे. अप्पा त्या वेळी ब्याऐंशी वर्षांचे होते. या वादात ते कधीही बोलत नसत. हातातले वर्तमानपत्र तेवढे थोडे वर धरीत.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. निघताना नेहमीचाच गोंधळ. फराळाचे डबे, धाकटीची बाहुली, चिरंजीवांचा मोबाइल, सौ.च्या किल्ल्या. अप्पा जिन्याकडे निघाले होते. "जरा खाली जाऊन येतो," म्हणाले. सौ.ने त्यांना दारातच अडवले. "आता कुठे खाली-वर करता, अप्पा? तुमचे गुडघे दुखतायत. चहा घ्या, की सगळे बरोबरच उतरू." अप्पा थोडे घुटमळले आणि चहाला बसले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. मी ठेवली नाही.

कात्रज मागे पडला. खंबाटकीच्या चढावर उष्णतेचा काटा थोडा वर सरकलेला मला दिसला. पण मी चिरंजीवांना घाटाची माहिती सांगण्यात गुंतलो होतो. उतार लागला तसा काटा पुन्हा खाली आला. मी मनात म्हटले, गेले संकट. आजारी माणसाचा ताप सकाळी उतरला म्हणजे दुखणे गेले असे समजणाऱ्या माणसांपैकी मी एक.

त्या वर्षी पाऊस ऑक्टोबर सरला तरी जात नव्हता. सुरूर फाट्यावरून आत वळल्यावर दोन्हीकडची शेते ओलीगच्च, डोंगर हिरवेगार. वाई ओलांडून आम्ही घाटाला लागलो. खाली कृष्णेचे खोरे उलगडू लागले, दूर धोमच्या धरणाचे पाणी चकाकले, आणि सौ. "आहाहा!" म्हणते न म्हणते तोच गाडीच्या नाकाडातून 'फुस्स' असा आवाज आला. समोरच्या काचेवर पांढरी वाफ. काटा पार उजवीकडे जाऊन टेकलेला.

वळणापलीकडे जागा पाहून मी गाडी थांबवली, इंजिन बंद केले, बॉनेट उघडले. आतून घुसळल्यासारखा आवाज येत होता. काहीतरी करायला हवे, एवढेच अशा वेळी पुरुषाला सुचते. मी हाताला नॅपकिन गुंडाळला आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला.

तेवढ्यात माझे मनगट कोणीतरी घट्ट धरले. अप्पा केव्हा उतरले ते मला कळलेही नव्हते. ब्याऐंशी वर्षांच्या हातात एवढी पकड असेल असे वाटले नव्हते. "थांब," ते म्हणाले. "प्रेशर कुकरचं झाकण शिटी चालू असताना उघडतोस का?" त्यांच्या शर्टाची बाही वर सरकली होती आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा जुना, चकाकता, सुरकुतलेला व्रण माझ्या डोळ्यांसमोर होता. तो मी लहानपणापासून पाहत आलो आहे. कशाचा, हे मात्र कधी विचारले नव्हते.

अप्पांनी कुकरचा दाखला दिला तो अगदी नेमका आहे. पाणी समुद्रसपाटीला शंभर अंशांवर उकळते. पाचगणीच्या उंचीवर, म्हणजे चार हजारांहून अधिक फुटांवर, ते ९५-९६ अंशांनाच उकळू लागते. रेडिएटरच्या झाकणात एक स्प्रिंग असते. ती आतला दाब धरून ठेवते, आणि दाबाखाली पाणी शंभराच्या वर गेले तरी उकळत नाही. त्या अवस्थेत झाकण उघडले, तर दाब एकदम सुटतो आणि सगळे पाणी क्षणात उसळून अंगावर येते. डोळेसुद्धा जायचे.

अर्धा-पाऊण तास आम्ही कठड्यावर बसून करंज्या खाल्ल्या. झाकणाला हात लावता येऊ लागल्यावर अप्पांनी ते आधी थोडेच फिरवले, उरलीसुरली वाफ जाऊ दिली, आणि मग उघडले. आत पाण्याचा पत्ता नव्हता. तरी त्यांनी लगेच पाणी ओतू दिले नाही. तापलेल्या इंजिनावर एकदम गार पाणी पडले तर बिडाला तडा जातो. आणखी थोडा वेळ थांबून, पिण्याच्या बाटल्या एकेक करून रिकाम्या केल्या. गाडीखाली वाकून पाहिले, तर पुढच्या बाजूला थेंब थेंब गळत होते.

"वर जायचं नाही," अप्पा म्हणाले. "खाली वाई आहे. उताराला इंजिनाला कष्ट नाहीत, तापणार नाही. दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू चल."

"महाबळेश्वरचं बुकिंग?" सौ.ने विचारले. कोणी उत्तर दिले नाही.

वाईत एका पत्र्याच्या शेडमध्ये मिस्त्री भेटले. पन्नाशीचे, शांत, कपाळाला बुक्का. त्यांनी बॉनेट उघडले, पण कशालाही हात लावला नाही. वैद्याने आधी रोग्याला प्रश्न विचारावेत तसा त्यांनी मला प्रश्न विचारला.

"रोजचं पाणी किती लागतंय, साहेब?"

"अजिबात नाही!" मी छाती पुढे काढून म्हणालो. "थेंबभरही नाही."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले, मग गाडीकडे पाहिले. "असं व्हायचं न्हाई," ते हळूच म्हणाले.

मागून अप्पांचा आवाज आला. "रोज एक तांब्या. थंडीत थोडं कमी."

मी वळून पाहिले. अप्पा शेडच्या खांबाला धरून उभे होते. सौ.ही त्यांच्याकडे पाहत होती. चहासाठी अडवलेली ती सकाळ आम्हा दोघांनाही एकदमच आठवली असावी.

"किती दिवस झाले, अप्पा?" मी विचारले.

"झालं असेल दीडेक वर्ष," ते म्हणाले. "तुम्ही उठायच्या आत ओततो. वाहनतळातल्या बोअरच्या नळाचं."

"पण सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं, तर ठेवली असतीत का तुम्ही गाडी?"

यावर माझ्याजवळ काही उत्तर नव्हते. मराठीत 'कुठेतरी पाणी मुरतंय' असे आपण संशयाने म्हणतो. आमच्या घरात ते दीड वर्ष मुरत होते आणि मी ज्या काठोकाठ भरलेल्या रेडिएटरचा अभिमान मिरवीत होतो, तो एका म्हाताऱ्या माणसाच्या पहाटेच्या फेऱ्यांवर भरलेला होता. विश्वकोशाचे कार्यालय ज्या गावात आहे, त्या गावात मला माझ्या घरातली एवढी गोष्ट ठाऊक नसावी!

मिस्त्रींनी मग तपासणी सुरू केली. ती मी मुद्दाम क्रमाने सांगतो, कारण गाडी कोणतीही असो, क्रम हाच. पाणी कमी होते ते एक तर बाहेर गळते, नाहीतर आत इंजिनात जाते. आतले दुखणे जास्त वाईट, म्हणून ते आधी पाहायचे. त्यांनी तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेलात पाणी गेले असते तर ते दुधाळ, चहासारखे दिसले असते. तेल काळे होते, म्हणजे ठीक. थंड इंजिनात पाणी भरून, झाकण उघडे ठेवून ते चालू केले. पाण्यात सतत बुडबुडे येत नव्हते आणि मागे नळीतून पांढरा धूरही नव्हता. "हेड ग्यास्केट शाबूत हाय. देवाची कृपा," ते म्हणाले. घाटात आणखी दोन वळणे गाडी रेटली असती तर ती कृपा राहिली नसती, हेही त्यांनी सांगितले.

मग बाहेरची तपासणी. वरचा रबरी पाइप, खालचा पाइप, त्यांचे पट्टे, पाण्याचा पंप, तळाची तोटी. सगळे फडक्याने कोरडे करून एकेक जागा पाहिली. शेवटी रेडिएटरच्या जाळीत विजेरी धरून त्यांनी मला बोलावले. तांब्याच्या बारीक नळ्यांवर हिरवट-पांढरे डाग उमटले होते. "पाणी वाळून जातंय, पन डाग ठेवून जातंय."

रेडिएटर काढून सिमेंटच्या हौदात बुडवला, एक तोंड बोळ्याने बंद केले आणि दुसऱ्यातून सायकलच्या पंपाने हवा भरली. सायकलची ट्यूब पाहतात तसेच. माझी मुले हौदाच्या काठावर ओणवी झाली. एक बुडबुडा आला, मग तीन, मग ओळीने माळच लागली. "अकरा!" धाकटी ओरडली. मिस्त्रींनी एका नळीला खिळ्याचे टोक लावले, तर पत्रा पापडासारखा तुटला. आतून पांढऱ्या खड्यांसारखा थर निघाला. घरातल्या बंबात धरतो तोच क्षार. बोअरच्या जड पाण्याने रोज थोडा थोडा साचलेला. अर्ध्याअधिक नळ्या त्याने बुजल्या होत्या. अप्पा ज्या पाण्याने गाडी जगवीत होते, त्याच पाण्याने ती मरत होती. मिस्त्रींनी तो थर अप्पांना दाखवला नाही. फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवला. मला तो माणूस तेव्हाच आवडला.

"डाग देऊन देतो," ते म्हणाले. "दोन तासांचं काम. पुण्याला सावकाश पोचाल. पन हितं डाग दिला की उद्या तितं फुटंल. घाट चढायचा असंल, तर नवाच टाकावा लागंल. पुण्यात नाना पेठेत मिळतो. उद्या सांजच्या एस. टी.नं मागवून घेतो."

नवा रेडिएटर, पाइप, पट्टे आणि मजुरी धरून जो आकडा झाला, तो मोडीच्या किमतीच्या जवळपास जात होता. शहाणपणाचे उत्तर उघड होते. मी घसा साफ केला. पण माझ्याआधी सौ. बोलली. गेले दोन महिने जी ही गाडी विकायला निघाली होती, ती सौ. "नवाच मागवा," ती मिस्त्रींना म्हणाली. "आणि अप्पा, तुम्ही आता चला. उन्हात उभे राहू नका. आत्यांकडे जाऊ."

आत्याबाईंनी दार उघडले आणि पाच माणसे, तीन पिशव्या पाहून त्या म्हणाल्या, "गाडी बिघडली म्हणून तरी आलात गं बायांनो!" त्यांनी हे हसून म्हटले, पण सौ.ने खाली पाहिले. संध्याकाळी पिठले-भाकरी आणि ओल्या हळदीचे लोणचे झाले. जुन्या वाड्यातल्या माजघरात मुले जी झोपली ती सकाळी आठलाच उठली.

दुसरा दिवस वाईचा. वर्षानुवर्षे खिडकीतून नमस्कार केलेला ढोल्या गणपती आम्ही प्रथमच जवळून पाहिला. हे देऊळ रास्त्यांनी १७६२ साली बांधले. मूर्ती भव्य आहेच. पण आत्याबाईंनी आम्हांला देवळामागे नेले. मागची भिंत सपाट नाही. माशासारखी निमुळती केली आहे, म्हणजे कृष्णेचा पूर तिच्यावर आदळून दोन बाजूंना फाटावा. अडीचशे वर्षांहून अधिक काळ नदी येते, भिंतीशी दुभंगते आणि निघून जाते. पाण्याला थोपवण्यापेक्षा त्याची वाट जाणून घेणे बरे, हे त्या गवंड्यांना ठाऊक होते.

दुपारी रिक्षाने मेणवलीला गेलो. नाना फडणविसांचा वाडा, त्यामागचा कृष्णेचा घाट. 'स्वदेस' हा २००४ सालचा चित्रपट इथे चित्रित झाला, एवढे चिरंजीवांना माहीत होते. तेवढ्यावर ते स्वारी खूश. घाटावर एका छोट्या मंडपात मोठी घंटा टांगली आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हाच्या लुटीतली. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. चर्चची घंटा, पेशव्यांच्या कारभाऱ्याच्या घाटावर, आणि समोर कृष्णामाई. धाकटीने तिला हळूच बोट लावले.

मंडळी वाडा पाहायला गेली. अप्पा आणि मी पायरीवर बसलो. पाणी भरपूर होते. मी अखेर विचारले, "अप्पा, तो हात कशाने भाजला होता?"

"तू होतास की गाडीत," ते म्हणाले. "अठ्ठ्याऐंशी सालचा मे महिना. हाच घाट."

मला ती सहल आठवत होती. मी नऊ वर्षांचा होतो. घाटात गाडी थांबली होती, आईने काकड्या कापून दिल्या होत्या, आम्ही भावंडांनी कठड्यावर बसून गाणी म्हटली होती. पाचगणीला घोड्यावर बसलो होतो. माझ्या आठवणीत ती आमची सर्वांत आनंदाची सहल.

"गाडी तापली होती. मला घाई. तुला घोड्यावर बसायचं होतं, तू भोकाड पसरलं होतंस. मी झाकण उघडलं," अप्पा म्हणाले. "ओला रुमाल बांधला आणि वर बाही ओढली. तुझ्या आईला रात्री कळलं."

"म्हणजे तशा हातानं तुम्ही पुढे गाडी चालवलीत?"

"मग काय करायचं? मुलांच्या सुट्टीवर पाणी पाडायचं?"

मी काही बोललो नाही. तांब्याभर पाणी रोज गुपचूप ओतणारा हा माणूस ते दीड वर्षापासून करीत नव्हता, हे मला त्या पायरीवर कळले.

संध्याकाळी रेडिएटर आला. तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी तो बसवला. आधी त्यांनी इंजिनाच्या पोटातून नळाचे पाणी सोडले; ते चहासारखे तांबडे निघाले. स्वच्छ येईपर्यंत ते सोडत राहिले. इंजिनातला गंज तसाच राहिला तर तो नव्या नळ्यांत जाऊन बसतो. पाइपही नवे घातले. नव्या रेडिएटरला जुने रबर लावणे म्हणजे नव्या धोतराला जुनी गाठ. मग कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे निम्मे. कूलंटने गंज धरत नाही, क्षार साचत नाही आणि उकळण्याची पायरीही वर जाते. झाकण उघडे ठेवून इंजिन चालू केले. आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर येऊ लागली, तशी पातळी खाली गेली. वरचा पाइप हाताने दाबून दाबून त्यांनी उरलेली हवा काढली, पुन्हा भरले, आणि झाकण लावले.

"उद्या सकाळी गार असताना एकदा बघा," ते मला म्हणाले. मग अप्पांकडे वळून, "आजोबा, नळाचं पानी आता अजिबात न्हाई बरं का."

अप्पांनी मान हलवली. शाळकरी मुलासारखी.

महाबळेश्वरचे बुकिंग गेलेच होते. तरी आम्ही पसरणीचा घाट चढलो, पाचगणीला टेबललँडवर गेलो, मुलांना घोड्यावर बसवले आणि अंधार पडायच्या आत पुन्हा आत्याबाईंकडे जेवायला उतरलो. घाटभर माझी नजर काट्यावर होती. तो मधोमध बसून राहिला.

पुण्याला परतल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली. स्वयंपाकघरात भांडे वाजले. खिडकीतून पाहिले, तर अप्पा हातात तांब्या घेऊन गाडीजवळ उभे. सवयीने उतरले असावेत. खाली जाऊन आता काय करायचे, हे त्यांना आठवेना. मी चप्पल घातली आणि खाली गेलो.

"अप्पा, मिस्त्रींनी सकाळी गार असताना बघायला सांगितलंय," मी म्हणालो. "मला अजून नीट जमत नाही. तुम्ही बघता का?"

त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला, झाकण आधी थोडेच फिरवले, थांबले, मग उघडले आणि आत वाकून पाहिले. "आहे तेवढंच आहे," ते म्हणाले.

मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली, तेव्हा अप्पांनी ती बातमी मला वाचून दाखवली आणि वर्तमानपत्राची घडी घालून ठेवली. आमची अजून आहे. पल्ल्याला नेत नाही; वर्षातून एकदा वाईपर्यंत जाते, आणि आम्ही वाईत उतरतो. रोज सकाळी आम्ही दोघे खाली जातो. आता अप्पांचा हात माझ्या खांद्यावर असतो. सौ. तांब्यात त्यांचे पिण्याचे पाणी देते. गाडीला ते लागत नाही. तांब्या भरलेलाच परत येतो.